एकाच पेटीतल्या शेहेचाळीस सुया

सावेडी, अहमदनगर
७ सप्टेंबर १९९९

प्रिय भारती,

परवा रविवारी तुझ्या आईने नगरच्या साठ-सत्तर डॉक्टरांपुढे उभं राहून सव्वीस मिनिटं बोलून दाखवलं. तेही मराठीतून, आणि कागद हातात असून त्यात एकदाही न बघता. सव्वीस हा आकडा तुझ्या वडिलांचा, दादांचा. मागच्या रांगेत ते मनगटावरचं घड्याळ बघत बसले होते, आणि घरी पोहोचेपर्यंत रिक्षावाल्यासकट तिघांना त्यांनी तो सांगून टाकला होता. तुला लगेच फोन कर म्हणत होते. मी नको म्हटलं. फोनवर तू दोन वाक्यं ऐकतेस आणि "आई, लॅबमधल्या स्लाइड बघायच्यात" म्हणून ठेवून देतेस. पत्राचं बरं असतं. ते फाडायचं म्हटलं तरी आधी वाचावं लागतं.

सुरुवातीपासून सांगते, कारण यातलं निम्मंच तुला ठाऊक आहे, आणि जे ठाऊक आहे त्याबद्दल आपण दोघी दीड वर्षात एक शब्द बोललेलो नाही. सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात डॉ. कल्याण गर्जे यांनी आपल्या म्हाताऱ्या पेशंटांसाठी फ्लूची लस मागवायची ठरवलं. गर्जे डॉक्टरांना तू भेटली आहेसच. पाथर्डीकडचे, आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, त्यातून शिकून एम.डी. झालेले. मी निवृत्त झाल्यावर त्यांच्या दवाखान्यात सकाळचे चार तास जायला लागले. या लसीचं नाव तेव्हा नगरमध्ये फारसं कुणी ऐकलं नव्हतं. पडशाला कसलं आलंय इंजेक्शन, असं म्हणून दुसरे डॉक्टरसुद्धा हसायचे. पण आदल्या थंडीत गर्जे डॉक्टरांच्या हातून तीन म्हातारी माणसं न्यूमोनियाने गेली होती आणि ते त्यांच्या मनाला लागलं होतं. लस परदेशी, पुण्याला एका औषधवाल्याकडे यायची. ती आणायला जायचं कोणी? मी म्हटलं, मी जाते. बत्तीस वर्षं लसीची पेटी मांडीवर घेऊन हिंडलेल्या बाईला पुणं ते काय लांब!

त्या पेटीचं मला काय होतं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. कोल्हारच्या आपल्या वस्तीतली शिकून नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. पहिली नेमणूक काष्टीकडे. देवीची लस टोचायला घरोघर जायचं. एका घरची बाई ओट्यावर उभी राहून तान्हं मूल दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरायची. मला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, माझ्याकडे बघायचीही नाही. पोराचा दंड तेवढा माझ्या हातात यायचा. मी टोचायची, नोंद करायची आणि पुढच्या घराकडे वळायची. त्याच गावाशेजारच्या वाडीत दोन वर्षांनी देवी आल्या तेव्हा हीच बाई मला शोधत वेशीपर्यंत आली आणि हाताला धरून मला आत, थेट चुलीपाशी घेऊन गेली. का, तर "नर्सबाईनं टोचलेलं कधी वाया जात न्हाई," असं तिथे लोक म्हणायला लागले होते. भारती, मला कुणी पदक दिलं नाही, पण हे एक वाक्य मी बत्तीस वर्षं जपलं.

तर ऑक्टोबरात लस आली. साठीच्या पुढच्या शेहेचाळीस जणांना मी माझ्या हाताने टोचली. त्यात गर्जे डॉक्टरांच्या आई लंकाबाई होत्या, आपल्या गल्लीतल्या दगडाबाई होत्या आणि तुझे दादाही होते. आदल्याच वर्षी त्यांना हार्टचा झटका येऊन गेला होता आणि कोलेस्ट्रॉल कमी करायची ती नवी गोळी त्यांना चालू झाली होती. एस.टी. वर्कशॉपात तीस वर्षं इंजिनं खोललेला माणूस, गोळी हातात घेऊन म्हणायचे, "नळीत काजळी धरली तर साफ करायचं औषिद हाय हे. म्या रोज घेनार." आणि खरंच कधी चुकवली नाही.

पुढचं तू पाहिलंसच. जानेवारीत नगरमध्ये तापाची साथ आली. गल्लीत घराआड माणूस झोपलेलं. दादांना ताप आला, तिसऱ्या दिवशी धाप लागली, चौथ्या दिवशी न्यूमोनिया म्हणून हॉस्पिटलात ऑक्सिजनवर. तू नागपुराहून रात्रभर प्रवास करून आलीस आणि बॅग हातात तशीच धरून विचारायला लागलीस. लस घेतली होती ना? कुठून आणली? कोणी आणली? पेटीतलं तापमान किती होतं? या शेवटच्या प्रश्नाला मी गप्प राहिले. जेमतेम चार-पाच क्षण. पण तेवढ्यात तुझं उत्तर ठरून गेलं. गर्जे डॉक्टर, तुझी आत्या, दारावरचा शिपाई, सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "आई, पेटी तापली होती. तू शेहेचाळीस म्हाताऱ्यांना नुसतं पाणी टोचलंस."

बाप आत धाप टाकत असताना लेक जे बोलते त्याचा राग धरायचा नसतो, आणि मी धरला नाही. पण ते बोलणं माझ्या काळजात जाऊन बसलं, कारण मी का गप्प राहिले ते मला माहीत होतं. आज प्रथमच सांगते. पुण्याहून येताना सुप्याजवळ एस.टी. बंद पडली. दोन तास दहा मिनिटं आम्ही रस्त्याच्या कडेला. ऑक्टोबरचं ऊन तुला माहीत आहे. पेटीतला बर्फ अर्धा पाणी झाला. मी झाकण उघडून तापमापकाच्या काट्याकडे बघितलं, तो आठ अंशांच्या रेघेवर होता. कदाचित रेघेच्या किंचित पुढे. ती लस आठाच्या वर जाऊ द्यायची नसते. समोर एक रसवंती होती. त्या माणसाकडून उसाच्या रसात घालायचा बर्फ मागून घेतला, वर्तमानपत्रात आणि माझ्या टॉवेलात गुंडाळून पेटीत भरला. तर दुसरी भीती. ही लस गोठली तरी वाया जाते. तो बर्फ कुठल्या डबीला थेट टेकला असेल तर? घरी येऊन लस आधीच भरून आलेली एकेक सुई उजेडात धरून बघितली. सगळं ठीक दिसत होतं. पण दिसण्यावर काय असतं? मी डॉक्टरांना "गाडीला उशीर झाला" एवढंच सांगितलं. काट्याचं सांगितलं नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी अर्धं सांगितलं होतं.

दादा अकरा दिवसांनी घरी आले. सहा किलो उतरलेले, पण उंबऱ्यात पाय ठेवताच चहा मागण्याइतके शुद्धीवर. तू परत गेलीस. आठवडाभर मी त्यांना भात भरवला आणि मग एका सकाळी दवाखान्यात जाऊन गर्जे डॉक्टरांना सुप्याची सगळी हकीकत सांगितली. म्हटलं, शेहेचाळीस घरांत जाऊन कोण आजारी पडलं, कोण नाही ते मी बघून येते. पेटी खराब होती असं निघालं तर त्या शेहेचाळीस जणांना मीच तोंडाने सांगेन. ते म्हणाले, "सिस्टर, कुणी तक्रार केलेली नाही. कुणी विचारलेलंही नाही." मी म्हटलं, "मला विचारलंय." कोणी ते त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी ते तिथेच होते.

मग मी निघाले. सावेडी, भिंगार, केडगाव, रिक्षाने आणि पायी. पहिल्या घराची कडी वाजवली. शेहेचाळीसपैकी तीस जण आजारी पडलेले निघाले तर मी काय करणार होते? प्रत्येक घरी तेच विचारायचं. ताप आला का, किती दिवस, खोकला, अंगदुखी, अंथरूण धरलं का. आणि जुनी सवय म्हणून औषधांची पिशवी आणायला सांगायची. शेजारच्या घरांतून लस न घेतलेले साठीपुढचे चाळीस जणही विचारून काढले, कारण नुसता एकीकडचा आकडा घेऊन काय कळणार?

लोकांनी मला काय काय ऐकवलं! भागूबाई नावाच्या म्हातारीने आधी तिच्या सुनेचा ताप मोजून घेतला, मग स्वतःचा सांगितला. केडगावच्या आसाराम मास्तरांनी तापाची तारीख, वार आणि वेळ लिहून ठेवली होती. आणि आपल्या दगडाबाई! दवाखान्याच्या कागदावर त्यांना कोलेस्ट्रॉलची गोळी चालू. मी म्हटलं, गोळ्या दाखवा. त्यांनी सून आत गेलीय ना ते बघितलं आणि तांदळाच्या डब्यात हात घालून कागदात बांधलेली चार महिन्यांची पुडी काढली. सगळ्याच्या सगळ्या गोळ्या तशाच. "नर्सबाई, डाक्टरला सांगू नगा. लई ग्वाड बोलतो त्यो, नगं म्हनवत न्हाई. म्हनून घ्याची आन् हितं ठिवायची." त्यांना साथीत साधी शिंकही आली नव्हती. मी तेव्हा हसले, पण वहीत खरं तेच लिहिलं. असा आणखी एक जण निघाला. दवाखान्याच्या कागदांवर विसंबले असते तर या दोघांची नोंद चुकलीच असती.

तीन आठवड्यांनी आकडे समोर होते. लस न घेतलेल्या चाळीस जणांत एकोणीस आडवे झाले होते. माझ्या शेहेचाळीसांत अकरा. अकरा! मी कागद छातीशी धरून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि रडले. पेटी पाण्याची असती तर निम्मे पडायला हवे होते. लस लागू पडली होती. सुप्याच्या उन्हातून, रसवंतीच्या बर्फातून माझी पेटी धडपणे घरी आली होती. दादांना सांगितलं, तर अंथरुणावर उठून बसत म्हणाले, "ते झालं. पन मंग आमी अकरा जन का पडलो?"

खरं म्हणजे मला तिथेच थांबायचं होतं. माझ्यापुरता निकाल लागला होता. पण तुझ्या दादांचं डोकं वर्कशॉपातलं. ते म्हणाले, "एकाच मेकच्या गाड्या सारख्या बंद पडाय लागल्या, की आमी डायवरला शिव्या न्हाई द्यायचो. त्या सगळ्यांत कंचा पार्ट सारखा हाय ते बघायचो." मग आम्ही दोघांनी चटईवर शेहेचाळीस चिठ्ठ्या मांडल्या. अकरा एकीकडे, पस्तीस एकीकडे. आधी मला वाटलं पेटीतली जागा. वरच्या थरातल्या सुया कुणाला, खालच्या कुणाला हे मी लिहून ठेवलं होतं. तसं काही निघालं नाही. मग साखर, तंबाखू, बाई की पुरुष, कुठली पेठ, टोचायचा दिवस. दादा एकेक चिठ्ठी उचलायचे, मी वाचायची, काही जुळायचं नाही. दुपार कलली. मग मी औषधांचा रकाना वाचायला घेतला आणि दादांनी गोळीवाल्या चिठ्ठ्यांवर एकेक शेंगदाणा ठेवायला सुरुवात केली. लंकाबाईंच्या चिठ्ठीवर शेंगदाणा. आसाराम मास्तरांच्या चिठ्ठीवर शेंगदाणा. शेवटी स्वतःच्या चिठ्ठीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. अकरातल्या आठांवर शेंगदाणे होते. पलीकडच्या पस्तिसांत फक्त सहा.

म्हणजे बघ. कोलेस्ट्रॉलची गोळी खरोखर पोटात जात होती अशी चौदा माणसं. त्यातली आठ पडली. न घेणारी बत्तीस, दगडाबाई धरून. त्यातली तीन पडली. आता तुझ्यातली डॉक्टर म्हणेल की गोळी घेणारे मुळात हृदयाचे रोगी, ते पडणारच. मलाही तेच वाटलं. म्हणून पुन्हा चिठ्ठ्या चाळल्या. हृदयाचं दुखणं आहे पण ती गोळी नाही, असे सात जण होते. त्यातला एकच आजारी पडला होता.

हे कागद मी गर्जे डॉक्टरांपुढे ठेवले, ते त्यांनी ओळीओळीने वाचले. मग म्हणाले, "सिस्टर, हे खरं असेल किंवा योगायोग असेल. मला माहीत नाही, आणि मी वाचलंय त्यातही कुठे हे नाही." मला त्यांचं हेच आवडतं. माहीत नाही हे त्यांना म्हणता येतं. पण इकडे एक भलतंच झालं. दादांनी शेंगदाण्यांची गोष्ट कट्ट्यावर सांगितली आणि आठ दिवसांत चार म्हाताऱ्यांनी गोळी बंद केली. उरलेले म्हणायला लागले की पुढच्या वर्षी सुई नको. मी एक प्रश्न विचारला होता आणि लोक त्याला उत्तर समजून बसले होते. मग पुन्हा ती सगळी घरं, पुन्हा त्या पायऱ्या. प्रत्येकाला बसवून सांगितलं, की ही गोळी तुमचं हृदय सांभाळते, ते काम ती करतेच आहे. सुईचा जोर कमी पडत असेल कदाचित, नक्की कुणाला ठाऊक नाही. पण म्हणून दोन्हीतलं एकही सोडायचं नाही. लंकाबाई म्हणाल्या, "मंग बाई, दोन बैलं हायती, येक जरा आडतंय म्हनून गाडी सोडून द्येयाची व्हय?" मी ते वाक्य उचललं आणि पुढच्या प्रत्येक घरात वापरलं. चौघांनी गोळी परत सुरू केली. माझ्या दृष्टीने त्या वर्षातलं सगळ्यात मोठं काम हेच.

अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात पुन्हा लस आणली. या वेळी गर्जे डॉक्टरांच्या गाडीतून, दोन काटे लावून. दवाखान्यात म्हातारी माणसं जमली होती, पण पुढे कोणी येईना. तेव्हा तुझे दादा उठले. अकरा दिवस हॉस्पिटलात काढलेला तो माणूस सगळ्यांसमोर बाही वर करून माझ्यापुढे बसला आणि मोठ्याने म्हणाला, "टोच. गोळी बी घेतो, सुई बी घेतो. बगू काय हुतंय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून क्षणभर मला दंड नीट दिसेना. त्यांच्यामागे रांग लागली ती बाहेरच्या पायरीपर्यंत. त्या वर्षी अठ्ठ्याऐंशी जण झाले. त्या थंडीत पुन्हा तापाची साथ आली, पुन्हा मी दारोदार फिरले. गोळीवाल्या सत्तावीस जणांत बारा पडले, बाकीच्या एकसष्टांत नऊ. आदल्या वर्षीइतका फरक नाही, पण फरक आहेच. दादांनाही तीन दिवस ताप आला. चौथ्या दिवशी ते फिरायला गेले. दवाखान्यात दाखल करावं लागलं असा त्या अठ्ठ्याऐंशीत एकही निघाला नाही.

आणि मग परवाचा रविवार. डॉक्टरांच्या संघटनेची बैठक, पुण्याहून एक वयस्क प्राध्यापक पाहुणे. गर्जे डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले की हे काम माझं नाही, ज्यांचं आहे त्या बोलतील, श्रीमती भागिरथी भिंगारदिवे. सभागृहात नर्स व्यासपीठावर चढते ती सहसा हार-तुरे द्यायला, त्यामुळे सुरुवातीला कुजबुज झाली. मी सुप्यापासून सांगितलं. काट्याचंही सांगितलं, तो आठाच्या पुढे होता की काय या शंकेसकट. एक तरुण डॉक्टर उठला. "तो फ्लूच होता हे कशावरून?" मी म्हटलं, "कशावरूनच नाही. नगरात तपासायची सोय नाही. म्हणून मी वहीत फ्लू लिहिलेलंच नाही. तीन दिवस किंवा त्याहून जास्त ताप, खोकला, अंगदुखी एवढंच लिहिलंय." तो बसला. मग प्राध्यापकांनी विचारलं की हृदयरोगी पण गोळी न घेणारे पहिल्या वर्षी किती. म्हटलं, सात. "सात फार थोडे, बाई." मी म्हटलं, "थोडेच आहेत, सर. म्हणून तर तुमच्यापुढे आणले. माझ्याकडची म्हातारी माणसं संपली." सगळं सभागृह हसलं. तेही हसले, आणि मग माइक हातात घेऊन जे बोलले ते मी शब्द न शब्द लिहिते. "याचं उत्तर मिळायला हजारो माणसं लागतील, कदाचित वीस वर्षं लागतील, आणि उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. पण हा प्रश्न मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आज तो नगरमध्ये ऐकला." टाळ्या वाजल्या. वाजतच राहिल्या. तुझे दादा मागे उभे राहून वाजवत होते, आणि त्यांच्या शेजारी लंकाबाई, ज्यांना आपण कशासाठी टाळ्या वाजवतोय हे नीट कळलेलं नव्हतं, त्या सगळ्यांत जोरात. प्राध्यापकांनी माझ्या दोन्ही वर्षांच्या नोंदींच्या नकला मागून घेतल्या आहेत. यंदा नगरमधले आणखी सहा डॉक्टर आपापल्या पेशंटांची अशीच नोंद ठेवणार आहेत. ती कशी ठेवायची हे शिकवायला मला बोलावलंय. बासष्टाव्या वर्षी तुझी आई डॉक्टरांना शिकवणार!

आता हे सगळं का लिहिलं ते. शनिवारी दुपारी आमच्या जावयांचा, योगेशरावांचा, फोन आला होता. त्यांच्यावर रागावू नकोस, ते बोलता बोलता रडले. तुझ्या लॅबमधल्या एका रिपोर्टवरून एका बाईचं नको ते ऑपरेशन झालं, चौकशी बसली, रिपोर्टवर सही तुझी. तू कुणाशी बोलत नाहीस, जेवत नाहीस, आणि राजीनामा लिहून ओट्याच्या खणात ठेवला आहेस. मी योगेशरावांना एकच विचारलं, ती स्लाइड आणि त्या दिवसाचं रजिस्टर तिने पुन्हा बघितलं का? ते म्हणाले, नाही, ती म्हणते माझीच चूक असणार. भारती, त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात माझ्याबद्दल तू जी घाई केलीस, तीच आज स्वतःबद्दल करते आहेस. माझ्या वेळी निदान विचारलं तरी होतंस. चूक तुझी असेल तर ती तुझी आहे असं ताठ उभी राहून सांग, त्या बाईच्या घरी जा, तिच्यापुढे बस. मी येईन तुझ्याबरोबर. पण आधी बघ. नमुना कुणी घेतला, नंबर कुणी घातला, त्या दिवशी आणखी कुणाकुणाचे रिपोर्ट गेले, एकेक माणूस, एकेक ओळ. खरं काय ते कळायच्या आधी मान खाली घालणं हासुद्धा खोटेपणाच आहे, आणि तो माझ्या लेकीला शोभत नाही. मंगळवारी चौदा तारखेच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसची आमची दोघांची तिकिटं काढली आहेत. दादा म्हणतात, पार्ट शोधायला मेकॅनिक लागतोच. बुधवारी पोहोचू. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, आम्ही रिक्षा करून येतो. तेवढ्या वेळात त्या रजिस्टरची पहिली वीस पानं वाचून काढ.

तुझीच,
आई